पाठीवरचं बिऱ्हाड दुरुस्तीला जातं तेव्हा

‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे बहुधा कणव येऊन वापरली जाते. बदलीच्या नोकरीतला माणूस, दर अकरा महिन्यांनी भाड्याची खोली बदलणारं कुटुंब, गावाबाहेर पालं ठोकणारे भटके, यांच्याविषयी बोलताना ती सहज ओठांवर येते. अमेरिकेत मात्र असं बिऱ्हाड आपणहून पाठीवर घेणारी पुष्कळ माणसं आहेत. राहतं घर विकायचं, सामानसुमान मुलाबाळांत वाटून टाकायचं, मोटारीत किंवा मोटारीमागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये संसार मांडायचा आणि बाराही महिने त्यातच राहायचं. तिथे या वाहनांना ‘रिक्रिएशनल व्हेइकल’, थोडक्यात ‘आरव्ही’ म्हणतात आणि त्यात कायमचे राहणाऱ्यांना ‘फुलटायमर’. निवृत्तीनंतर ही वाट धरणारे बरेच. अलीकडे लॅपटॉपवर नोकरी करणारी तरुण जोडपीही त्यांत दिसतात.

या जगण्याची छायाचित्रं मोठी मोहक असतात. मागे लाल डोंगर, पुढे उघडं दार, दारात दोन खुर्च्या आणि वाफाळता कप. छायाचित्रात जे कधी येत नाही ते म्हणजे घराच्या छपरावर गुडघे टेकून सांध्यात लांबी भरणारा सत्तरीचा गृहस्थ, किंवा रस्त्याकडेला जॅक लावून चाक उतरवणारी त्याची बायको. माझं म्हणणं एवढंच आहे, की या जगण्यात देखभाल हा मुख्य विषय आहे आणि बाकी सगळं तिच्या आधारानं चालतं. ज्याला ती पेलते तो मोकळा. ज्याला पेलत नाही त्याचं काय होतं, हा प्रश्न मात्र अमेरिकेलाही अजून नीट सुटलेला नाही.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. इंडियाना राज्याच्या उत्तरेला एल्कहार्ट नावाचं गाव आहे. अमेरिकेतल्या बहुसंख्य आरव्ही त्याच्या आसपासच्या कारखान्यांत तयार होतात. एका पोलादी सांगाड्यावर लाकडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट, तिच्यावर फोम आणि पातळ प्लायवूडच्या भिंती, वर रबरासारख्या पडद्याचं छप्पर. आत स्वयंपाकाचा ओटा, गॅस, फ्रीज, पलंग, संडास, न्हाणी. खाली स्वच्छ पाण्याची, सांडपाण्याची आणि मैल्याची अशा तीन टाक्या. थोडक्यात, आपल्या वन-रूम-किचनमध्ये जे असतं ते सगळं. फरक इतकाच, की आपलं वन-रूम-किचन ताशी शंभर किलोमीटर वेगानं खड्ड्यांतून धावत नाही. स्थिर घराला वर्षानुवर्षं न बसणारे हादरे या घराला एका दुपारच्या प्रवासात बसतात. स्क्रू ढिले होतात, नळांचे जोड सुटतात, कपाटांची दारं बिजागरीतून निखळतात. मोटार आणि घर या दोन्ही वस्तू आपापल्या परीनं झिजणाऱ्या. त्यांचं लग्न लावलं की दोघांची दुखणी एकत्र नांदू लागतात.

या लग्नाला कायदाही पुरता सरावलेला नाही. झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असेल तर अमेरिकेचं आयकर खातं अशा वाहनाला कर्जावरच्या व्याजाच्या सवलतीपुरतं घर मानतं. उलट कॅलिफोर्नियात सदोष नव्या मोटारींबद्दल ग्राहकाला संरक्षण देणारा कायदा मोटारहोमचे सरळ दोन तुकडे करतो: गाडी चालवणारा भाग त्याच्या कक्षेत येतो, माणसाच्या राहण्यासाठी असलेला भाग येत नाही. इंजिन वारंवार बिघडलं तर या कायद्याचा आधार आहे. छप्पर गळलं तर दुसरा मार्ग शोधायचा. कित्येक उत्पादकांच्या वॉरंटीत तर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की वाहन कायमच्या निवासासाठी वापरल्यास ही हमी लागू नाही. म्हणजे घर म्हणून विकायचं आणि घर म्हणून वापरलं की हात वर करायचे.

माझी बँकेतली वर्षं बहुतेक कर्जविभागात गेली, त्यामुळे मला या गोष्टीत निराळाच रस वाटतो. आमच्याकडे गृहकर्जाला घर गहाण असे आणि वाहनकर्जाला वाहन नजरगहाण. घर पळून जात नाही आणि त्याखालची जमीन सहसा वाढत जाते. वाहन पळतं आणि शोरूमच्या फाटकाबाहेर पडल्या क्षणापासून उतरत जातं. त्याच वाहनात ऋणको कायम राहत असेल आणि त्याला दुसरा पत्ताच नसेल, तर कर्ज मंजूर करणाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडणारच. अमेरिकेतल्या पुष्कळ कर्जसंस्था फुलटायमरांना कर्ज देत नाहीत, हे वाचून मला नवल वाटलं नाही. पण त्यातून जो धडा निघतो तो बँकेपेक्षा राहणाऱ्यानं घ्यायला हवा. ताळेबंदात घसारा नावाची एक ओळ असते. ती दरवर्षी दाखवायची, पैसे प्रत्यक्ष खर्च झालेले नसले तरी. चाकांवरच्या घरात राहणाऱ्यानं ही ओळ विसरली, तर ती एक दिवस डोंगरातल्या चढावर आपली आठवण करून देते.

आता या देखभालीचं पंचांग पाहा. दर काही महिन्यांनी छपरावर चढून झरोके, नळ्या आणि कडा जिथे जोडल्या आहेत तिथलं सीलंट तपासायचं. सुतासारखी भेग पुरते. पाणी आत शिरतं, प्लायवूड कुजतं, भिंतीला बाहेरून फुगे येतात आणि फुगे दिसतात तेव्हा काम हाताबाहेर गेलेलं असतं. टायरांचं तर और. साध्या मोटारीचा टायर झिजून बाद होतो. आरव्हीचा बहुधा वयानं होतो, कारण गाडी आठवडेच्या आठवडे उन्हात भार घेऊन उभी असते. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. ‘३६२१’ म्हणजे २०२१ सालच्या छत्तिसाव्या आठवड्यातला जन्म. नक्षी कोरी करकरीत दिसली तरी पाच ते सात वर्षांत टायर बदलावेत, असं जाणकार सांगतात. ट्रेलरच्या चाकांची बेअरिंगं वर्षाकाठी, किंवा बारा हजार मैलांनी, उघडून साफ करायची आणि नव्यानं ग्रीस भरायचं. बैलगाडीच्या आसाला वंगणाचा नळा लटकवून हिंडणारे आपले गाडीवान हे शास्त्र जाणून होते.

जनरेटर वापरात नसला तरी महिन्यातून एकदा भार देऊन दोनेक तास चालवावा लागतो, नाहीतर पेट्रोल आत साचून चिकट होतं आणि गरजेच्या रात्री तो सुरू होत नाही. पाणी तापवायच्या पोलादी टाकीत मॅग्नेशियमची किंवा ॲल्युमिनियमची एक कांडी असते. तिचं काम एकच: टाकीऐवजी आपण गंजायचं. ती संपली की गंज टाकीकडे वळतो, म्हणून वेळेवर नवी घालायची. गाडी उभी केल्यावर भिंतीचा एक भाग मोटारीच्या जोरावर बाहेर सरकून खोली ऐसपैस होते. ती मोटार रुसली आणि खोली बाहेरच अडकली, तर अख्खं घर जागचं हलू शकत नाही. थंडी पडण्याआधी नळ्यांतलं पाणी काढायचं, नाहीतर त्या फुटतात. मैल्याची टाकी ठरलेल्या जागीच रिकामी करायची. यांतलं एकही काम अवघड नाही. पण एकही न विसरणं अवघड आहे.

काही वर्षांपूर्वी मी मुलीकडे ॲरिझोनात हिवाळा काढला. तिथे वाळवंटात क्वार्ट्झसाइट नावाचं गाव आहे. उन्हाळ्यात जेमतेम काही हजार वस्ती; हिवाळ्यात मात्र आजूबाजूच्या सरकारी जमिनीवर आरव्हींची जत्रा भरते. काही भागांत चौदा दिवस फुकट मुक्काम करता येतो; काही राखीव भागांत परवाना काढून सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत राहता येतं. तिथे एका निवृत्त शिक्षक दांपत्याशी आमचा परिचय झाला. दोघं सात वर्षं चाकांवर होती. बाईंनी मला त्यांची वही दाखवली आणि माझा जुना जीव सुखावला. तारीख, मैल, केलेलं काम, आलेला खर्च, पुढची तारीख अशी आखीव पानं होती. आमच्या शाखेतली किर्द इतकी नेटकी क्वचितच असे. दरमहा एक ठरावीक रक्कम ती दोघं वेगळ्या खात्यात टाकत, काही बिघडो वा न बिघडो. त्याला त्या ‘भाडं’ म्हणत. “आमचा घरमालक गाडीखाली राहतो,” त्या म्हणाल्या, “आणि तो थकबाकी चालवून घेत नाही.”

त्यांना सगळ्यांत धास्ती होती ती वर्कशॉपची. आपली मोटार गॅरेजात टाकली की आपण रिक्षानं घरी येतो. यांचं घरच गॅरेजात जातं. काही वर्कशॉपं रात्री आवारात राहू देतात, काही विम्याच्या कारणानं देत नाहीत. मग कपडे, औषधं, कागदपत्रं आणि मांजर घेऊन मोटेल गाठायचं. शिवाय इंजिनाचं काम ट्रकच्या वर्कशॉपात आणि फ्रीजचं आरव्हीच्या. इकडचा मिस्त्री तिकडच्या भागाला हात लावत नाही. सुटा भाग मागवला तर तो दोन दिवसांत येईल की सहा आठवड्यांत, याचा नेम नसतो. दुरुस्तीच्या बिलापेक्षा या वाट पाहण्याचा खर्च जास्त होतो, असं त्यांची वहीच सांगत होती. म्हणूनच ओहायोतल्या जॅक्सन सेंटर या गावी एअरस्ट्रीम कंपनीनं कारखान्याजवळ ट्रेलरमालकांसाठी मुक्कामाची जागा ठेवली आहे, तिचं मला कौतुक वाटलं. दिवसा ट्रेलर दुरुस्तीला, रात्री परत आपल्या बिछान्यावर. गिऱ्हाईकाचं घर आपल्या हातात आहे, याची जाण असली की व्यवसायाची रीत बदलते.

जॉन स्टाइनबेक १९६० साली एका ट्रकवर खोलीवजा घर बसवून, कुत्रा बरोबर घेऊन अमेरिका पाहायला निघाला. ट्रकचं नाव त्यानं डॉन किहोटेच्या घोड्यावरून ‘रोसिनान्ते’ ठेवलं होतं. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे त्या प्रवासाचं पुस्तक १९६२ साली आलं. त्यात ओरेगॉनमध्ये भर पावसात, नेमक्या रविवारी, जड ओझ्यापायी त्याचे टायर गेल्याची हकिकत आहे. एका पेट्रोलपंपावरच्या माणसानं खटपट करून त्याला टायर मिळवून दिले. प्रसंग मजेत वाचता येतो, कारण स्टाइनबेकचं घर न्यूयॉर्क राज्यात सॅग हार्बरला जागच्या जागी होतं. टायर मिळाले नसते तर प्रवास अडला असता, संसार अडला नसता. प्रवासी आणि रहिवासी यांत हाच फरक आहे.

जेसिका ब्रूडरच्या ‘नोमॅडलँड’ या २०१७ च्या पुस्तकातली माणसं रहिवासी आहेत. मंदीत घर, नोकरी, शिल्लक गमावून ती व्हॅनमध्ये राहायला आली आणि उतारवयात हंगामी कामं करत फिरू लागली. त्यावरचा क्लोई झाओ हिचा चित्रपट २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला. त्यात नायिकेची व्हॅन बिघडते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी ताडून पाहिला तर दुसरी घेणं बरं, असा व्यवहारी सल्ला गॅरेजवाला देतो. हिशेबानं तो बरोबर आहे. पण तो ज्या वस्तूची किंमत करतो आहे ती वाहन आहे, आणि ती ज्याविषयी बोलते आहे ते तिचं घर आहे. शेवटी तिला बहिणीकडे पैसे मागायला जावं लागतं. बहीण नसती तर? चित्रपट संपल्यावर माझ्या मनात हा प्रश्न राहिला.

त्या प्रश्नाचं एक उत्तर सिअ‍ॅटलमधल्या खटल्यात सापडतं. पन्नाशी ओलांडलेला एक कष्टकरी आपल्या पिकअप ट्रकमध्ये राहत होता. २०१६ च्या जुलैत ट्रकमधून घासल्यासारखा आवाज येऊ लागला, म्हणून त्यानं तो शहराच्या मालकीच्या एका मोकळ्या जागेत उभा केला. एका जागी बहात्तर तासांपेक्षा जास्त काळ वाहन ठेवायचं नाही, असा शहराचा नियम. तो कामावर गेला असताना ट्रक ओढून नेला गेला. सोडवण्याचा आकार नऊशे डॉलरांच्या वर होता; तो कमी करून ५५७ डॉलर करण्यात आला आणि दरमहा ५० डॉलरांचा हप्ता बांधून दिला गेला. ट्रकबरोबर त्याचं अंथरूण आणि कामाची हत्यारंही गेली होती. प्रकरण वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये निकाल लागला: ज्यात माणूस राहतो तो ट्रक कायद्याच्या दृष्टीनं त्याचं निवासस्थान आहे आणि त्याच्या परिस्थितीत ही वसुली घटनेला धरून नाही.

या निकालानं तत्त्व मिळालं, पण पाच वर्षांनी. आणि मूळ कारण होतं एक बिघाड. ज्याच्याकडे पैसे होते त्यानं तो त्याच दिवशी दुरुस्त केला असता आणि नियम मोडायची वेळच आली नसती. बँकेत ट्रकमालक ऋणको आमच्यासमोर बसत तेव्हा हेच दिसे. गाडी उभी राहिली की हप्ता उभा राहतो, हप्ता थकला की दुरुस्तीला पैसे उरत नाहीत, दुरुस्ती नाही म्हणून गाडी उभी. त्यांच्या पाठीशी निदान गावाकडचं एखादं छप्पर असे. ज्याचं छप्परच त्या गाडीत आहे, त्याला हे चक्र एकदम रस्त्यावर आणतं. म्हणून वाहनात राहणाऱ्यांसाठी काही करायचं मनात असेल, तर जागेच्या बरोबरीनं दुरुस्तीचा विचार करायला हवा. सुरक्षित वाहनतळाशेजारी एक मिस्त्री, एक हवेचा पंप आणि थोडी बिनव्याजी उचल एवढं असलं, तरी पुष्कळ घरं चालती राहतील. वाहन ओढून नेण्यावर, साठवण्यावर आणि नंतर त्या माणसाच्या निवाऱ्यावर होणारा सार्वजनिक खर्च मांडून पाहिला, तर हा व्यवहार महागडा ठरणार नाही, असं माझं कर्जविभागातलं मन सांगतं.

चाकांवरच्या माणसांनी स्वतः काही सोयी उभ्या केल्या आहेत. जो आणि के पीटरसन या दांपत्यानं १९७८ साली ‘एस्केपीज’ हा क्लब काढला. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन इथे त्याचं ठाणं आहे. सभासदांची टपाल तिथे येते आणि पुढे धाडली जाते. म्हातारपणानं किंवा आजारानं गाडी हाकता येईनाशी झाली, तर तिथल्याच केंद्रात गाडी लावून, त्याच गाडीत राहून शुश्रूषा मिळते. मला या कल्पनेत मोठं शहाणपण दिसतं, कारण आरव्हीच्या देखभालीत कोणी बोलत नाही असा एक भाग आहे: मालकाचं शरीर. गाडीला आणि माणसाला एकाच वेळी घसारा लागतो. पासष्टाव्या वर्षी सहज चढता येणारी छपराची शिडी पंचाहत्तराव्या वर्षी तीच राहत नाही. जोडप्यात एकालाच सगळं येत असेल आणि तोच आधी गेला, तर मागे राहिलेल्याला दुःखाबरोबर एक अनोळखी यंत्रही सांभाळावं लागतं. म्हणून त्या शिक्षक दांपत्यानं कामं आलटून पालटून करायचा नेम ठेवला होता. या महिन्यात त्यांनी छप्पर पाहायचं, तर पुढच्या महिन्यात बाईंनी.

हे सगळं आपल्याकडे सांगायचं कारण आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकांवरच्या खोलीत चार दिवस काढण्याची हौस आपल्याकडेही रुजू पाहते आहे. ती चांगली गोष्ट आहे. चार दिवसांनी गाडी परत करायची असते आणि छपराची काळजी दुसऱ्याला असते. पण निवृत्तीची रक्कम हाती आलेल्या, अमेरिकेतल्या मुलांकडे जाऊन अशी वाहनं पाहून आलेल्या एक-दोन परिचितांनी मला विचारलं, की फ्लॅट विकून असं निघावं का. त्यांना मी नाही म्हणालो नाही. स्वातंत्र्याची इच्छा साठीनंतर होणं यात हसण्यासारखं काही नाही.

मी त्यांना एवढंच सांगितलं, की आधी वर्षभर एक वही घाला. आपल्या आत्ताच्या घरात काय बिघडलं, ते आपण किती दिवसांनी पाहिलं, कोणाला बोलावलं, किती पैसे पडले आणि त्यातलं आपल्या हातानं किती केलं, ते लिहा. नळाचा वायसर बदलायला तीन रविवार लागत असतील, तर चाकांवरचं घर तुमच्यासाठी नाही. फ्लॅट विकून आलेल्या पैशातला एक हिस्सा हात न लावता बाजूला ठेवता येईल का, घर गॅरेजात असताना महिनाभर राहता येईल असं ठिकाण आहे का आणि गाडी थांबवायची वेळ आली तर कुठे थांबवणार, या तीन प्रश्नांची उत्तरं वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. ज्यांची पानं भरली त्यांनी खुशाल निघावं. एका परिचितांनी वही सुरू केली आहे. पहिल्याच पानावर स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाची नोंद आहे, आणि तो त्यांनी स्वतः दुरुस्त केला आहे.